बिऱ्हाड हलविण्यापूर्वी

घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, असे आपल्याकडे म्हणतात. ही म्हण ज्याने प्रथम काढली त्याने तीन पिढ्यांचे नांदते बिऱ्हाड एका घरातून दुसऱ्या घरी कधी नेले नसावे. नाही तर म्हणीला तिसरा चरण जोडल्यावाचून तो राहिला नसता. घर बांधताना पैसा लागतो, लग्नात पैशाबरोबर मनुष्यबळ लागते, आणि बिऱ्हाड हलविताना या दोहोंच्या जोडीला घरातील सर्वांचे एकमत लागते, जे कोणत्याही बाजारात विकत मिळत नाही. गेल्या मार्गशीर्षात आमच्या घरी हा प्रसंग आला. त्यात जे शिकलो, त्यातील थोडे विचाराने आणि पुष्कळसे ठेच लागून शिकलो. ज्या कुटुंबांवर आज ना उद्या हीच वेळ यावयाची आहे, त्यांस आमच्या ठेचा तरी उपयोगी पडाव्यात, एवढ्याच हेतूने हा लेख लिहीत आहो.

अकोला शहराचे मोर्णा नदीने दोन भाग केले आहेत. पश्चिम तीरावर असदगड, राजेश्वराचे देऊळ आणि अरुंद गल्ल्यांतून दाटीने उभे असलेले वाडे, हे जुने शहर. आणि पूर्व तीरावर रेल्वे स्टेशन, कचेऱ्या, ताजनापेठ व त्यापुढे वाढत गेलेल्या नव्या वसाहती. आमचा वाडा जुन्या शहरातला. भिंती मातीच्या आणि हातभर रुंद, वर धाबे. असल्या घरात उन्हाळा सुसह्य होतो हे खरे. पण दरवर्षी पावसाळ्यापूर्वी धाब्यावर माती घालून ते नीट चोपावे लागते, आणि हे काम जाणणारी माणसे आता शोधूनही सापडत नाहीत. दोन पावसाळे माजघरात पातेली मांडून काढल्यावर थोरल्या बंधूंनी निर्णय घेतला आणि नदीपलीकडे एका इमारतीत, एकाच मजल्यावरची दोन लगतची घरे घेण्याचे ठरले. माणसे अकरा, वडीलधारी म्हणजे त्र्याऐंशी वर्षांच्या मातोश्री, आणि सर्वांत लहान पाच वर्षांची नात.

वास्तविक बिऱ्हाड हलविणे ही वऱ्हाडातील सुशिक्षित घरांस नवलाची गोष्ट नव्हे. १९०३ मध्ये वऱ्हाड मध्यप्रांताच्या कारभारास जोडला गेला, आणि तेव्हापासून सरकारी नोकराची बदली अकोल्याहून बुलढाणे-यवतमाळासच नव्हे, तर हिंदी मुलखात जबलपूर-रायपूरपर्यंत होऊ शकत असे. पुढे १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ मुंबई राज्यात आला, नागपूरचे राजधानीपण गेले, आणि कितीतरी कुटुंबांनी मुंबईची वाट धरली. त्या पिढीच्या गृहिणींना ही विद्या अवगत होती. लोखंडी पेट्या, वळकट्या आणि भुसा भरलेली लाकडी खोकी यांवर त्यांचा संसार सुटसुटीत मांडलेला असे. परंतु बदलीचे बिऱ्हाड आणि वाड्याचे बिऱ्हाड यांत अंतर आहे. बदलीवर जाणारा मनुष्य मूळ घर मागे ठेवून जातो, आणि नको असलेली प्रत्येक वस्तू तेथे पाठवितो. वाडाच सोडावयाचा झाला म्हणजे मागे ठेवावयास जागाच उरत नाही. काय न्यावे, काय द्यावे आणि कशाचा निरोप घ्यावा, हे तेव्हा कायमचेच ठरवावे लागते. म्हणून या कामाची तयारी खोकी आणण्यापासून सुरू होत नाही, हे प्रथमच ध्यानात घ्यावे.

पहिला प्रश्न काळाचा. आम्ही प्रारंभी अक्षय्यतृतीयेचा दिवस धरला होता. मुहूर्त पाहावयास नको, मुलांच्या परीक्षा संपलेल्या, सर्वांस रजा. सारेच सोयीचे वाटले. पण पंचांगाबरोबर आणखी तीन वेळापत्रके पाहावी लागतात: हवेचे, शाळेचे आणि स्वयंपाकघराचे. अकोल्यात वैशाखात पारा पंचेचाळीस अंशांच्या आसपास जातो. दुपारी बारा ते पाच या वेळात माणसाला ओझे वाहावयास लावणे हे निर्दयपणाचे आहे, आणि वृद्धांना व लहान मुलांना तर ते धोक्याचे. पावसाळ्यात काय होते हे जुलै २०२१ मध्ये आपण सर्वांनी पाहिले. एका रात्रीच्या अतिवृष्टीने मोर्णा फुगली आणि सखल वस्त्यांतून पाणी शिरले. आषाढी ते कार्तिकी एकादशीपर्यंत चातुर्मासात गृहप्रवेश करू नये, हा संकेत ज्यांनी घातला त्यांना भिजलेल्या गाद्यांचा अनुभव असलाच पाहिजे.

शाळेचे म्हणाल तर, उन्हामुळे विदर्भातील शाळा उर्वरित महाराष्ट्राच्या मानाने उशिरा, जूनच्या अखेरीकडे उघडतात. ज्यांस परगावी जाऊन शाळा बदलावयाची आहे त्यांनी परीक्षा आटोपताच, चैत्राच्या प्रारंभी, पहाटेच्या थंड वेळी निघावे. ज्यांस गावातल्या गावात जावयाचे आहे त्यांस शाळेची अडचण नाही.

राहिले स्वयंपाकघर, ज्याचा पुरुषमंडळींस हटकून विसर पडतो. फाल्गुन-चैत्रात कुरडया, पापड, सांडगे होतात. त्याच सुमारास वर्षाचे गहू आणि डाळी भरल्या जातात. ज्येष्ठात लोणचे पडते. म्हणजे अक्षय्यतृतीयेला घरात वर्षभराचे धान्य काठोकाठ भरलेले असते, आणि मार्गशीर्षात त्यातील अर्ध्याहून अधिक संपलेले असते. वहिनींनी ही गोष्ट एका वाक्यात निकालात काढली. "भरलेल्या कोठ्या वाहून नेण्यापेक्षा रिकाम्या न्याव्यात," असे त्या म्हणाल्या, आणि मुहूर्त मार्गशीर्षात गेला. त्यामुळे हाताशी सात महिने आले. ते आले नसते तर पुढे जे सांगणार आहो त्यातील काहीच नीट झाले नसते.

दुसरे, नवे घर पाहावयाचे कसे? आपण बहुधा दिशा पाहतो, खोल्या मोजतो आणि भाव विचारतो. वऱ्हाडात याहून महत्त्वाच्या तीन गोष्टी आहेत. पहिली पाणी. अकोला शहरास महान येथील काटेपूर्णा धरणातून पाणी येते, पण नळ रोज वाहील अशी हमी नसते. शहरी पाणीपुरवठ्यासाठी माणशी रोजी १३५ लिटर हे प्रमाण धरण्यात येते. त्या हिशेबाने आमच्या अकरा माणसांस रोज सुमारे दीड हजार लिटर, आणि नळ चार दिवसांआड आला तर सहा हजार लिटर साठा पाहिजे. इमारतीच्या टाकीत आपला वाटा किती, हे घर घेण्यापूर्वी विचारावे. बोअरच्या पाण्यावर भिस्त ठेवणाऱ्यांनी तर अधिकच सावध राहावे. कारण पूर्णेच्या खोऱ्यात अकोला, अमरावती आणि बुलढाणा या तिन्ही जिल्ह्यांतून खारपाणपट्टा पसरलेला आहे. पाणी स्वच्छ दिसते आणि चवीला मचूळ निघते. एक तांब्याभर पाणी आटवून तळाशी पांढरा थर किती राहतो ते पाहावे आणि त्याच पाण्यात मूठभर तुरीची डाळ शिजवून पाहावी. घरच्या घरी होणारी ही परीक्षा पुष्कळ काही सांगून जाते. पिण्यासाठी शंका राहिली तर मात्र प्रयोगशाळेतून तपासणी करून घ्यावी.

दुसरी गोष्ट जमीन. आपली काळी माती कपाशीला सोन्यासारखी, पण घराच्या पायाला फसवी. ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. दारा-खिडक्यांच्या कोपऱ्यांपासून तिरप्या गेलेल्या चिरा दिसल्या, किंवा श्रावणात दारे चौकटीत अडकू लागली, तर पाया पुरेसा खोल नाही असा संशय घ्यावा. म्हणून घर एकदा उन्हाळ्यात आणि एकदा भर पावसाळ्यात पाहावे. तिसरी गोष्ट ऊन. सर्वांत वरच्या मजल्यावर छत दिवसभर तापते आणि रात्रभर उष्णता सोडत राहते. पश्चिमेची भिंत दुपारनंतर तापते. वृद्धांची खोली पूर्वेस किंवा उत्तरेस असावी, आणि कूलर बसविण्यास खिडकी व त्याचे पाणी जावयास वाट आहे ना, हे प्रथमच पाहून घ्यावे.

घर पक्के झाल्यावर आम्ही एक दोनशे पानी वही आणली. सगळ्या कामाचा कणा तीच होय. प्रत्येक खोलीस पाने नेमून दिली, आणि प्रत्येक वस्तूपुढे चार रकाने आखले: अनुक्रमांक, वस्तू, ती कोणाची, आणि तिचे काय करावयाचे. शेवटच्या रकान्यात तीनच शब्दांस परवानगी होती: नेणे, देणे, मोडणे. 'पुढे पाहू' हा शब्द लिहावयाचा नाही असा नियम केला, कारण वाड्याच्या माळ्यावर साठ वर्षे जे साचले होते ते सारे 'पुढे पाहू'च होते. दुसरा नियम असा की, ज्याची वस्तू त्याचाच निर्णय. पाच वर्षांच्या नातीनेही आपल्या खेळण्यांची यादी बसून सांगितली, आणि आश्चर्य हे की, निम्मी खेळणी तिने आपण होऊन देऊन टाकली. थोर माणसांस हे जमावयास अधिक दिवस लागले.

वही भरता भरता ती स्वयंपाकघरापाशी येऊन थांबली. तांब्याचे हंडे, घंगाळ, बंब, सणावाराची मोठी पातेली, पुरणयंत्र, परात. आणि समोर दोन घरे. कोणते भांडे कोणत्या घरी? आम्ही बंधू दोन दिवस भांड्यांची वाटणी करीत बसलो. वहिनी तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "भांडी मागाहून वाटा. चुली किती मांडायच्या, ते आधी ठरवा."

सगळ्यांच्या मनात असलेला आणि कोणाच्याही ओठांवर न आलेला प्रश्न तो हाच होता. दोन घरांस दोन स्वयंपाकघरे होती. ती घर घेतानाच आम्ही पाहिली होती, आणि तरीही सहा महिने कोणी एक शब्द काढला नव्हता. एकत्र कुटुंब वाड्यात एका चुलीवर चालते ते पुष्कळदा दुसरी चूल मांडावयास जागा नसते म्हणूनही चालते, हे कटू असले तरी खरे आहे. त्या रात्री सारी मंडळी बसली. नोकरीवर जाणाऱ्या सुनेने सांगितले की, सकाळी साडेसहाला डबा करताना तिला दहा माणसांच्या चहाची वाट पाहणे जड जाते. वहिनींनी सांगितले की, संध्याकाळी एकटीने जेवणे त्यांना जमणार नाही. दोघींचेही खरे होते. शेवटी असे ठरले की, सकाळचे ज्याचे त्याने पाहावे; रात्रीचे जेवण मातोश्रींच्या घरी सर्वांनी एकत्र करावे; देव, कुलधर्म आणि वर्षाचे धान्य एकच राहावे. ठराव वहीच्या शेवटच्या पानावर लिहिला. त्यानंतर भांड्यांची वाटणी एका तासात झाली. हा ठराव आजवर बहुतेक पाळला गेला आहे. कधी एखाद्या संध्याकाळी मोडतो, आणि त्याबद्दल कोणी कोणास बोलत नाही. हा प्रश्न सामान पोचल्यावर निघाला असता तर तो भांड्यांच्या आवाजातून निघाला असता, याची आम्हांस खात्री आहे.

आता आमच्या हातून घडलेली चूक सांगतो. माळ्यावर जुन्या कागदांची दोन पोती आणि एक पत्र्याची पेटी होती. साफसफाईच्या भरात, वहीत नोंद होण्यापूर्वीच, पोती रद्दीत गेली. सायंकाळी वहिनींना अंगणात पडलेला एक कागद सापडला. त्यावर मोडी लिपी होती. आम्ही धावत जाऊन एक पोते परत आणले. दुसरे पुढे रवाना झाले होते. त्यात काय होते हे आता कधीच कळावयाचे नाही, आणि ही खंत आम्हांस आयुष्यभर पुरेल. वाचकांनी याबाबतीत आमच्या वाटेस जाऊ नये. आपल्या प्रांतात १८५३ पर्यंत निजामाचा अंमल होता, त्यामुळे वऱ्हाडातील जुन्या घरांतून मोडीबरोबर फारसी कागदही सापडतात. वाचता येत नाही म्हणून ते रद्दी ठरत नाहीत. राज्याच्या पुराभिलेख संचालनालयातर्फे मोडीचे प्रशिक्षणवर्ग चालविले जातात. घरातील एखाद्या तरुणाने ही लिपी शिकून घेतली तर उत्तमच. ज्यांस कागद घरी सांभाळणे शक्य नाही त्यांनी ते जाणत्या संस्थेकडे सोपवावेत. इतिहासाचार्य राजवाडे यांनी १९१० मध्ये पुण्यास स्थापिलेले भारत इतिहास संशोधक मंडळ अशाच घराघरांतल्या दप्तरांवर उभे राहिले, आणि आपल्या वऱ्हाडात डॉ. य. खु. देशपांडे यांनी यवतमाळास शारदाश्रमात जुन्या पोथ्या-हस्तलिखितांचा संग्रह केला, हे विसरू नये.

इतिहासाचे कागद झाले. व्यवहाराच्या कागदांस तर डोळ्यांत तेल घालून जपावे. खरेदीखते, वाटणीपत्रे, नझूल जागेचे पट्टे व त्यांच्या नूतनीकरणाचे कागद, घरपट्टीच्या पावत्या, जन्म-मृत्यूचे दाखले, शाळेचे दाखले, विम्याचे व बँकेचे कागद हे सारे एका वेगळ्या पेटीत ठेवून ती पेटी मालगाडीत न घालता घरातील जबाबदार माणसाने स्वतःजवळ बाळगावी. प्रत्येक कागदाचे छायाचित्र काढून दोन ठिकाणी ठेवावे. निघण्यापूर्वी महिनाभर अगोदर, पत्ता बदलण्याची कामे एकेकाने वाटून घ्यावी: गॅसची जोडणी, शिधापत्रिका, आधार, बँक, टपाल आणि मतदारयादी. मतदारयादीत राहण्याचे ठिकाण बदलल्याची नोंद करण्यास आता आठ क्रमांकाचा नमुना भरावा लागतो. विजेच्या मीटरचे शेवटचे वाचन आपल्या डोळ्यांनी पाहून त्याचेही छायाचित्र घ्यावे. नव्या घराची वीज आणि घरपट्टी आपल्या नावावर झाल्याचा कागद हाती येईपर्यंत ते काम झाले असे मानू नये.

बांधाबांधीबद्दल थोडे. जे क्वचित लागते ते प्रथम बांधावे आणि जे रोज लागते ते शेवटी. आमच्याकडे दिवाळी आटोपताच सणाची भांडी आणि पुस्तके बांधली गेली. पुस्तकांची खोकी लहान असावीत. मोठे खोके पुस्तकांनी भरले म्हणजे ते कोणास उचलत नाही आणि त्याचा तळ जिन्यात सुटतो. पोथ्या रुमालात बांधून लाकडी फळ्यांमध्ये ठेवाव्या. पुस्तके बांधण्यापूर्वी एक दिवस सावलीत उघडून वाळवी पाहावी, नाही तर जुन्या घराची वाळवी आपण होऊन नव्या घरी नेऊन पोचवितो. काचसामान गोधड्या आणि जुनी लुगडी यांत गुंडाळावे. अकोल्यासारख्या कापसाच्या गावी एखादी जुनी गादी फोडली की भरावयास लागेल तेवढा कापूस निघतो. लोणच्याच्या बरण्यांस दुहेरी दादरा बांधून त्या उभ्याच न्याव्यात, आणि शक्य तर मांडीवर. शीतकपाट उभेच न्यावे आणि पोचल्यावर काही तास तसेच ठेवून मग चालू करावे. प्रत्येक खोक्यावर वहीतील क्रमांक आणि नव्या घरातील खोलीचे नाव दोन बाजूंस लिहावे. आणि एक खोके 'पहिल्या रात्रीचे' असावे: औषधे, दिवा, काडेपेटी, चहा-साखर, पोळपाट-लाटणे, दोन पातेली, अंथरूण आणि मुलांचे दप्तर. हे खोके शेवटी चढवावे म्हणजे ते प्रथम उतरते.

पूर्वी हे सारे बंडीतून जात असे. आता 'छोटा हत्ती' म्हणतात ती मालवाहू गाडी जाते. गाडी ठरविण्यापूर्वी ती आपल्या गल्लीत शिरते की नाही हे पाहावे. जुन्या शहरात ती शिरत नाही. आमच्या गल्लीच्या तोंडाशी ती उभी राहिली आणि तेथवर सारे सामान हातगाडीने न्यावे लागले. याचा वेळ आणि मजुरी दोन्ही आधी धरावी. हमालांशी बोली करताना माळे किती, जिने किती, जेवण कोणाचे, आणि फुटतूट झाल्यास काय, हे साऱ्यांसमक्ष स्पष्ट बोलून घ्यावे.

इतके सारे झाले, आणि तरीही सर्वांत मोठी तयारी आमच्याकडून राहून गेली होती. मातोश्रींना आम्ही निर्णय सांगितला होता, विचारला नव्हता. फाल्गुनात त्या ऐकून गप्प बसल्या होत्या, आणि त्या गप्पपणाला आम्ही संमती समजलो. भाद्रपदात एके दिवशी त्या सहज म्हणाल्या, "तुम्ही जा रे बाबांनो. मी इथंच राहीन. मला दोन माणसांचं दूध पाठवत जा." दोन माणसे कोणती, असे आम्ही विचारले. त्यांनी देवघराकडे बोट दाखविले.

याच ठिकाणी आम्हांस आपल्या जिल्ह्याच्या उत्तरेकडील माणसांची आठवण झाली. मेळघाटचा व्याघ्रप्रकल्प १९७३-७४ मध्ये झाला. पुढे त्याच्या गाभ्यातील कोरकू वस्तीची काही गावे टप्प्याटप्प्याने हलविण्यात आली. केलपाणी, गुल्लरघाट, धारगड अशी गावे अकोट-तेल्हाऱ्याकडील सपाटीवर वसली. कुटुंबास रकमेची किंवा पुनर्वसनाची तजवीज कागदावर होती. तरी जानेवारी २०१९ मध्ये त्यांतील काही कुटुंबे आपल्या जुन्या गावांच्या जागी परत गेली, आणि तेथे वनखात्याच्या माणसांशी त्यांचा संघर्ष झाला. कबूल केलेल्या सोयी मिळाल्या नाहीत असे त्यांचे म्हणणे होते. जंगल राखण्याची गरज आम्ही नाकारीत नाही, आणि स्वखुशीने नदीपलीकडे जाणाऱ्या आमच्या बिऱ्हाडाची त्यांच्या हालांशी बरोबरी करणे शोभणारे नाही. तथापि एक गोष्ट लहान-मोठ्या सर्व स्थलांतरांस सारखीच लागू पडते: माणूस हलविताना त्याच्या रोजच्या जगण्याला कशाचा आधार होता, हे त्यालाच विचारावे लागते. ते दुसऱ्यास बाहेरून कळत नाही.

आम्ही उशिरा का होईना, विचारले. आमची समजूत अशी की, मातोश्रींना तुळशीवृंदावन, अंगण आणि वडिलांची खोली सोडवत नसेल. त्यांनी सांगितले ते निराळेच होते. ओसरीवर बसले की गल्लीतून जाणारे येणारे दिसतात, भाजीवाली हाक मारते, देवळाकडे जाणाऱ्या बायका दोन शब्द बोलतात. दार लावून घेतलेल्या घरात आपण कोणाशी बोलावयाचे, ही त्यांची भीती होती. वाड्याच्या भिंतींबद्दल त्या एक अक्षर बोलल्या नाहीत.

त्यानंतर काम सोपे झाले. आश्विन-कार्तिकात आम्ही त्यांना चार वेळा नव्या घरी नेले. देवांची जागा त्यांनीच निवडली. रस्त्यावरच्या खिडकीशी त्यांची खाट ठरली, आणि पूर्वेकडच्या मोठ्या खोलीवरचा हक्क थोरल्या बंधूंनी आनंदाने सोडला. शेजारच्या दोन घरांतील वृद्ध स्त्रियांशी ओळख मुद्दाम आधीच करून दिली. तुळशीचे रोप महिनाभर अगोदर कुंडीत लावून नेले, म्हणजे त्या गेल्या तेव्हा ते तेथे रुजलेले होते. आठवड्यातून एकदा राजेश्वराच्या दर्शनास जुन्या शहरात नेण्याचे वचन दिले, आणि ते कोणी कोणत्या वारी न्यावयाचे हेही वहीत लिहिले. कारण न लिहिलेली वचने प्रथम विसरली जातात.

मुहूर्ताच्या दिवशी सर्वांच्या आधी देव, समई, पाण्याचा कलश, मूठभर धान्य आणि मीठ घेऊन मातोश्री निघाल्या. नव्या घरी दूध उतू घालविले. सामान सायंकाळपर्यंत येत राहिले. चौऱ्याऐंशी खोक्यांपैकी त्र्याऐंशी जुळली, आणि चौऱ्याऐंशीवे, ज्यात नेमकी पोळ्यांची परात होती, ते तिसऱ्या दिवशी धान्याच्या कोठीमागे सापडले. त्या रात्री ताटे पुरली नाहीत म्हणून पत्रावळींवर पिठले-भात झाला, आणि अकरा माणसे एका ओळीत बसली.

ज्या कुटुंबांत हा बेत चालू असेल त्यांस आमचे सांगणे एवढेच: वही आजच आणा आणि तिच्या पहिल्या पानावर सामान लिहू नका, माणसांची नावे लिहा. प्रत्येकाला जुन्या घरातले काय हवेसे वाटते आणि नव्या घरातल्या कशाची धास्ती वाटते, हे त्याच्या नावापुढे त्याच्याच शब्दांत उतरवून घ्या. आम्ही ते पान सर्वांत शेवटी लिहिले. मातोश्री आता खिडकीशी बसतात. खालून जाणारी भाजीवाली त्यांना हाक मारते. ती जुन्या शहरातली नव्हे, पण तिच्याशीही त्यांची घासाघीस चालते.